बालकांचे विषाणूजन्य श्वसनविकार : ओळख, काळजी आणि धोक्याच्या खुणा



पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला की आरतीच्या वेळी सभामंडपात लहान मुलांच्या खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. घराघरांत सर्दी, ताप व खोकला यांची साथ फिरू लागते. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात आणि घरातील मंडळी तो प्रसंग विसरूनही जातात. परंतु काही थोड्या बालकांच्या बाबतीत हाच साधा आजार गंभीर वळण घेतो, आणि काही वेळा तर आजारापेक्षा त्यावर दिलेले औषधच घातक ठरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले, त्यानंतर या विषयावर सविस्तर माहिती एकत्रित उपलब्ध असावी, अशी इच्छा अनेक सभासदांनी व्यक्त केली. त्यानुसार प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. येथे दिलेली माहिती ही वैद्यकशास्त्रात सर्वमान्य असलेली माहिती असून ती डॉक्टरांच्या सल्ल्यास पर्याय नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

आजाराचे स्वरूप

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या मार्गास श्वसनमार्ग म्हणतात. नाक, घसा व स्वरयंत्र यांपुरता संसर्ग मर्यादित राहिला तर सर्दी, घसादुखी, आवाज बसणे अशी लक्षणे दिसतात. तोच संसर्ग खाली सूक्ष्म श्वासनलिकांत किंवा फुप्फुसात उतरला तर धाप, घरघर व न्यूमोनिया होऊ शकतो. पाच वर्षांखालील निरोगी बालकासही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक मानले जाते. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलांत हे प्रमाण याहूनही अधिक असते. यास्तव ‘आमचे मूल सारखे आजारी पडते, त्याची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असा निष्कर्ष घाईने काढण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या विषाणूशी होणारी ही पहिली ओळख असते आणि त्यातूनच शरीर शिकत जाते.

लहान मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा अधिक का होतो, याचे उत्तर त्यांच्या शरीररचनेत आहे. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिका अत्यंत अरुंद असतात. मोठ्या माणसाच्या नलिकेत थोडी सूज आली किंवा कफ साचला तरी वाट उरते. बाळाच्या नलिकेत तेवढीच सूज वाट जवळजवळ बंद करते. शिवाय पहिल्या काही महिन्यांत बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की त्यास एकाच वेळी दूध ओढणे व श्वास घेणे जमत नाही, म्हणून ते स्तन सोडून रडू लागते. ‘बाळ दूध पीत नाही’ ही तक्रार म्हणूनच अनेकदा श्वासाची तक्रार असते.

प्रमुख विषाणू

सर्दीस कारणीभूत होणारे विषाणू अनेक आहेत. त्यांपैकी महत्त्वाच्या विषाणूंचा परिचय पुढीलप्रमाणे :

१. ऱ्हायनोव्हायरस : नेहमीच्या सर्दीचे सर्वांत मोठे कारण. याचे १५० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी उपयोगी पडत नाही, म्हणूनच सर्दी पुनःपुन्हा होते व तिच्यावर लस निघू शकलेली नाही.

२. आरएसव्ही : हा विषाणू १९५६ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतील सर्दी झालेल्या चिंपांझींत प्रथम आढळला आणि पुढील वर्षी आजारी बालकांतही सापडला. दोन वर्षे वयापर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलास याचा संसर्ग एकदा तरी होतो. बहुतेकांस सर्दीच होते. परंतु सहा महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मतः हृदयविकार असलेल्या बालकांत सूक्ष्म श्वासनलिकांना सूज येते. यासच डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणतात. २०१९ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके या विषाणूमुळे दगावली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतांश गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती.

३. इन्फ्लुएन्झा : यास आपण फ्लू म्हणतो. ताप एकाएकी चढतो, अंग दुखते, मूल मलूल होते. भारतात याचे दोन हंगाम दिसतात : पावसाळ्यात व त्यानंतर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात. २००९ साली आलेल्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट महिन्यात पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला होता, याचे स्मरण अनेकांस असेल.

४. पॅराइन्फ्लुएन्झा : यामुळे स्वरयंत्राखाली सूज येऊन ‘क्रूप’ नावाचा विकार होतो. मूल रात्री अचानक जागे होते, खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो व श्वास आत घेताना कर्कश आवाज होतो. हा आवाज मूल शांत असतानाही येत असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

५. अॅडिनोव्हायरस : ताप, घसा व डोळे लाल होणे ही याची लक्षणे. २०२३ च्या प्रारंभी पश्चिम बंगालमध्ये याची मोठी साथ येऊन गेली.

६. मेटान्यूमोव्हायरस : जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूत दोन बालकांत हा आढळल्याच्या वृत्ताने देशभर घबराट उडाली. वास्तविक या विषाणूचा शोध २००१ सालीच नेदरलँड्समध्ये लागला होता व तो भारतातही नवा नव्हता. नवे नाव ऐकू आले म्हणजे नवा रोग आला असे नव्हे, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

७. कोरोना विषाणू : २०२० च्या महामारीने हे नाव घरोघरी पोहोचले. मुलांत हा आजार बहुधा सौम्य राहतो.

संसर्ग कसा पसरतो

खोकताना व शिंकताना उडणारे तुषार हे तर कारण आहेच. परंतु सर्दी पसरविण्यात हातांचा वाटा फार मोठा असतो. आरएसव्ही हा विषाणू टणक पृष्ठभागावर काही तास टिकून राहतो. खेळणी, दाराची कडी, मोबाइल फोन यांना लागलेला हात बाळाच्या नाका-डोळ्यांस लागला की संसर्ग पोहोचला. घरात तान्हे मूल असेल तर बहुधा शाळेत जाणारे मोठे भावंड सर्दी घरी आणते, आणि मोठ्यांना जो विषाणू केवळ नाक गळण्यावर सोडून देतो, तोच पाळण्यातील बाळास रुग्णालयात नेतो.

येथे आपल्या काही चालीरीतींचा उल्लेख करणे भाग आहे. बारसे, उष्टावण, जावळ या प्रसंगी बाळ हातोहात फिरते, प्रत्येक जण गालाचा मुका घेतो. यामागील माया आम्ही जाणतो. तथापि ज्यास सर्दी-खोकला आहे त्याने बाळास घेऊ नये, इतरांनीही हात साबणाने धुऊनच घ्यावे आणि मुका घेणे टाळावे, असा नम्रपणे आग्रह धरण्यात कोणताही अपमान नाही. उत्सवाच्या दाटीत तीन महिन्यांखालील बाळास आणू नये, अशी आमची सर्व मातापित्यांस विनंती आहे. दर्शन पुढे शांत दिवशीही घडते. धूप, उदबत्ती व होमाचा धूर, तसेच चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर बाळाच्या श्वासनलिकांस त्रासदायक असतो. देवघर आणि पाळणा एकाच खोलीत असल्यास धूप लावताना बाळास दुसऱ्या खोलीत न्यावे.

श्वास मोजणे : प्रत्येक घरास येऊ शकणारी परीक्षा

साधी सर्दी कोणती व धोक्याचा आजार कोणता, हे ओळखण्यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना अंगरखा वर करून छाती व पोट यांची हालचाल पाहावी. एकदा वर व खाली मिळून एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. रडणाऱ्या किंवा नुकत्याच दूध प्यालेल्या मुलाचे श्वास मोजू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली मर्यादा अशी :

• दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटास ६० किंवा अधिक श्वास
• दोन महिने ते एक वर्ष : मिनिटास ५० किंवा अधिक
• एक ते पाच वर्षे : मिनिटास ४० किंवा अधिक

श्वास या मर्यादेस पोहोचला असेल तर मुलास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास पुन्हा मोजूनही जलद भरला, तर एक क्षणही दवडू नये.

या साध्या मोजणीचे सामर्थ्य महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने जगास दाखवून दिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून तेथील खेड्यांत गावातील आरोग्यसेवक व दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर औषध देण्यास शिकविले. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातील मिनिट संपण्यापूर्वी शेवटच्या मण्यापर्यंत हात पोहोचला तर श्वास जलद आहे असे समजायचे. १९९० साली या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत ही योजना राबविली गेली, तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले. अक्षरओळख नसलेल्या दाईस जे साधले, ते सुशिक्षित घरांतील आजी-आजोबांस का साधू नये?

धोक्याच्या इतर खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१. श्वास घेताना छातीचा खालचा भाग किंवा बरगड्यांखालील जागा आत ओढली जाणे. यास आपल्याकडे ‘पोट उडणे’ म्हणतात.
२. नाकपुड्या फुगणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे.
३. ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसणे.
४. श्वास मध्येच काही क्षण थांबणे. अगदी तान्ह्या बाळांत खोकल्यापूर्वीच हे लक्षण दिसू शकते.
५. दूध किंवा पाणी न पिणे, प्यालेले सर्व उलटून पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे.
६. झटके येणे, मूल सुस्त पडणे किंवा जागे करूनही नीट जागे न होणे.
७. तीन महिन्यांखालील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप येणे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी पाच महिन्यांच्या नातवास सर्दी झाली. दोन दिवस आम्ही सारे ‘दात येत असतील’ असे म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ते दूध ओढेना. सुनेने अंगरखा वर करून पाहिले तो बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आम्ही वडीलधाऱ्यांनी ‘सकाळी पाहू’ असे सुचविले. तिने ऐकले नाही, हे आमचे भाग्य. रुग्णालयात पाच दिवस प्राणवायू द्यावा लागला आणि मूल हसत घरी आले. ब्राँकिओलायटिसमध्ये तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत कठीण असतो, हे आम्हास तेव्हा ठाऊक नव्हते. वडिलकीच्या अधिकाराने आईची शंका मोडून काढू नये, एवढेच या अनुभवावरून सांगावेसे वाटते.

घरी घ्यावयाची काळजी

धोक्याची खूण नसेल तर विषाणूजन्य सर्दीवर वेळ हेच औषध आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. खोकला मात्र दोन ते तीन आठवडे रेंगाळू शकतो व त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

• स्तनपान चालू ठेवावे. थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये.
• नाक चोंदले असल्यास दूध पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या क्षारजलाचे थेंब नाकात घालावेत.
• एक वर्षावरील मुलास झोपताना चमचाभर मध दिल्यास खोकला शमतो. एक वर्षाखालील बाळास मध मुळीच देऊ नये, चाटवूही नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो.
• तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला साधारणतः १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांचे औषध सिरपच्या चमच्याने दिले गेल्यास मात्रा चौपट होऊ शकते. बाटलीवरील आकडा वाचल्याविना औषध देऊ नये.
• अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांत त्यामुळे यकृत व मेंदूस इजा होऊ शकते.

काय टाळावे

बाळाच्या नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरू शकते. कापूर हुंगविणे किंवा छातीस चोळणे तान्ह्यास धोक्याचे आहे, त्याने झटके येऊ शकतात. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना मुले भाजल्याची उदाहरणे अनेक आहेत. ‘डबा झाला’ म्हणून पोटावर तापल्या सळईने डाग देण्याची प्रथा मेळघाटासारख्या भागांत अद्याप पूर्णतः संपलेली नाही. तिने आजार तर जात नाहीच, वर जखमेची भर पडते.

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. मागील वेळची उरलेली बाटली किंवा शेजाऱ्याच्या मुलास लागू पडलेले औषध देऊ नये. त्याचबरोबर डॉक्टरांनी तपासून न्यूमोनियासाठी प्रतिजैविक दिले असेल तर ते मध्येच बंदही करू नये.

खोकल्याच्या औषधाविषयी

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावा लागला तिच्याकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया व आसपासच्या भागांतील मुलांना साधा सर्दी-ताप आला. त्यांना खोकल्याचे एक सिरप देण्यात आले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरला हलविण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली; बहुतेक पाच वर्षांखालील होती. त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे रसायन चवीस गोड असते, उद्योगधंद्यांत वापरले जाते आणि औषधातील निर्दोष द्रावकाच्या जागी निष्काळजीपणाने किंवा लोभाने येते. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनाने शंभरावर बळी घेतले व तेथील औषध कायदा बदलावा लागला. १९८६ साली मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. २०२२ साली भारतात बनलेल्या सिरपांचा संबंध आफ्रिकेतील गांबिया देशातील साठहून अधिक बालमृत्यूंशी जोडला गेला. एवढे होऊनही तेच पुन्हा आपल्या दाराशी घडले. ज्या सर्दीतून ती मुले बहुधा आपोआप बरी झाली असती, त्या सर्दीसाठी दिलेल्या औषधाने त्यांचा घात केला, ही गोष्ट मनास अत्यंत क्लेश देते.

केंद्र शासनाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढून स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. त्यापूर्वी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश निघाला होता. या औषधांनी लहान मुलांचा खोकला लवकर बरा होतो असेही सिद्ध झालेले नाही. तेव्हा डॉक्टरांनी सिरप लिहून न दिल्यास त्यांनी दुर्लक्ष केले असे मानू नये. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली तर औषध त्वरित थांबवून बाटलीसह रुग्णालय गाठावे.

लसीकरण

शासकीय कार्यक्रमात विनामूल्य मिळणाऱ्या तीन लसी श्वसनविकारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत : सहा, दहा व चौदा आठवड्यांस पंचसंयुक्त लस, सहा व चौदा आठवड्यांस व नऊ महिन्यांस न्यूमोकोकल लस, आणि नऊ महिन्यांनंतर व सोळा महिन्यांनंतर गोवर-रुबेला लस. पहिल्या दोन लसी जिवाणूजन्य न्यूमोनियापासून वाचवितात, जो अनेकदा विषाणूच्या संसर्गावर चढून येतो. गोवर हा स्वतःच विषाणूजन्य असून न्यूमोनिया हे त्यातील मृत्यूचे प्रमुख कारण आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आलेल्या गोवराच्या साथीने लस चुकविण्याचे परिणाम दाखवून दिले. फ्लूची लस शासकीय कार्यक्रमात नाही. सहा महिन्यांवरील मुलांसाठी ती दरवर्षी घ्यावी लागते. तिच्याविषयी बालरोगतज्ज्ञांस विचारावे.

आरएसव्हीवरील लसीचा इतिहास उद्बोधक आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेली पहिली लस दिलेल्या बालकांत आजार उलट अधिक तीव्र झाला व दोन बालके दगावली. त्या घटनेने हे संशोधन कित्येक दशके रखडले. २०१३ साली विषाणूवरील एका प्रथिनाची नेमकी रचना उलगडली आणि २०२३ साली अमेरिकेत गर्भवती मातांसाठी लस व नवजात बालकांसाठी प्रतिपिंडाचे इंजेक्शन यांना मान्यता मिळाली. अपुऱ्या दिवसांचे बाळ असलेल्या कुटुंबांनी याविषयी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

समारोप

या लेखातील श्वासाच्या मर्यादा व धोक्याच्या खुणा एका कागदावर उतरवून औषधांच्या कपाटाच्या दारास आतून चिकटवून ठेवाव्यात, अशी सर्वांस विनंती आहे. घरी कामास येणाऱ्या भगिनींनाही त्या वाचून दाखवाव्यात. त्यांच्या घरी लहान मुले असतात आणि दवाखाना बहुधा दूर असतो. ही माहिती एका जरी घरी वेळेवर उपयोगी पडली, तरी लेखाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.

सर्व बालकांस उत्तम आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.